हिनकलच्या ऑफिसची किल्ली

२२ सप्टेंबर, सोमवार

घरी सिंधूने घट बसवले आणि ऑफिसात साहेबांनी माझ्या शेजारच्या टेबलावर कृष्णवेणीबाईंना बसवलं.

पन्नाशी उलटलेली बाई. साहेबांच्या, म्हणजे मालोजीरावांच्या, नात्यात कुठेतरी लागते. त्यांना मामा म्हणते. त्यांच्यासारखीच इथल्या, म्हैसूरच्या, जुन्या मराठी घरातली. मराठी बोलता बोलता कन्नडात कधी शिरते आणि कधी परत येते, तिचं तिलाही कळत नाही. कुठल्याशा शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. साहेब म्हणाले, "विश्राम, आता तुला मदत झाली बघ." मी मदत मागितली नव्हती.

हे ऑफिस घरांचे नकाशे काढतं आणि मंजुरीची कागदपत्रं तयार करतं. साहेब, नकाशे काढणारी रक्षिता, मी, आणि आता ही. सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले मी. प्रिंटर एक, पण प्रत्येकाला आपापल्या खुर्चीतून प्रिंट काढता येते. रक्षिताने केलेला नकाशा साहेबांना त्यांच्या केबिनमध्ये उघडता येतो. हे सगळं माझं काम. स्वतःलाच सांगतोय, कारण आज दिवसभर ते कुणाच्या लक्षात नव्हतं. संध्याकाळपर्यंत रक्षिता तिला "अक्का" म्हणायला लागली होती. मला ती अजून "सर" म्हणते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मोठी बातमी. दिवाळीच्या पाडव्याला साहेब शहराच्या दुसऱ्या टोकाला, हिनकलला, दुसरं ऑफिस उघडणार. हुणसूर रोडला येलवालपर्यंत घरंच घरं होतायत, त्यामुळे काम तिकडे जास्त. चहा घेता घेता म्हणाले, "तिथे आपल्यातलं एक माणूस बसवायचं. बघूया कोण ते."

बघायचं काय त्यात? मी हिनकललाच राहतो. साहेबांकडे सगळ्यात जुना मी. कारखान्यातून काढलं तेव्हापासून कुणी मला कशाचा प्रमुख म्हटलेलं नाही. कराडला भाऊ फोनवर विचारतो, "तिकडे नक्की करतोस काय रे तू?" एकदा दाराबाहेर माझ्या नावाची पाटी लागू दे, तिचा फोटोच पाठवतो त्याला.

बातमी ऐकून बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. नंतर हळूच माझ्याजवळ येऊन विचारते, "विश्राम, इथून, नजरबादहून, हिनकलला जाऊन यायला किती वेळ लागतो रे?" मी म्हटलं, ट्रॅफिकवर आहे. "तुझं घर तिथेच ना?" म्हणून परत विचारलं. सगळा अंदाज घेत होती. येऊन आठवडा झाला नाही आणि हिची नजर हिनकलवर.

शिवाय लाड बघा. रोज दुपारी जेवायला घरी जाते, सासूला भरवायचं असतं म्हणे. अंबाबाई नावाची म्हातारी आहे, अंथरुणाला खिळलेली. साहेब काही बोलत नाहीत. मला बसमुळे जरा उशीर झाला की मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात.

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. आमच्या कराडला खंडेनवमीला विळी, कोयता, फार तर सायकल पुजायचे. इथे म्हैसुरात आज एक स्क्रूसुद्धा कुंकवाशिवाय राहत नाही. काल सगळी यंत्रं बंद केली, वायरी सोडवल्या, धूळ काढली, पुन्हा जोडलं. बायकांनी दाराला केळीचे खुंट बांधले, प्रत्येक कीबोर्डवर शेवंती ठेवली. ताट घेऊन यंत्रांना कुंकू लावायचा मान दर वर्षी माझा असतो. यंदा साहेबांनी ताट आधी तिच्या हातात दिलं. तिनेच ते माझ्याकडे दिलं, पण आधी तिच्या हातात गेलं ते गेलंच.

साहेब फोटो काढणार तेवढ्यात माझं लक्ष गेलं. प्रिंटरच्या मागे, गेल्या महिन्यात मोडीत काढलेल्या कॉम्प्युटरची करडी वायर लोंबत होती. शेजारीच स्विच, म्हणजे सगळ्यांच्या वायरी येऊन मिळतात तो छोटा डबा. त्यात एक खाच मोकळी होती. तसल्याच कुंकवाच्या हाताने मी ते टोक खटकन बसवून टाकलं. फोटो झकास आला. या बारीकसारीक गोष्टी माझ्याच नजरेला पडतात. बाकीचे चुरमुरे-फुटाण्यांच्या मागे. कृष्णवेणी मागे उभी राहून बघत होती. बघू दे, शिकेल.

साहेबांनी दारात कोहळा फोडला. आता दसरा होईपर्यंत यंत्रांना हात लावायचा नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑफिस उघडलं आणि सगळं बोंबललं.

सुरू केल्यावर जेमतेम एक मिनिट ठीक. मग रक्षिता ओरडली, "सर, प्रिंटर काणिस्ता इल्ल!" दिसत नाही म्हणून. मग साहेबांना नकाशे उघडेनात. मग इंटरनेटही गेलं. रक्षिता वैतागून त्याच एका नकाशाला प्रिंट देत बसली.

कारण मला लगेच कळलं. दसऱ्याआधी बाईंनी नकाशांच्या फोल्डरला पासवर्ड लावला होता. मी तो काढला. फायली सगळ्यांना दिसाव्यात म्हणून असतात त्या सेटिंग्ज पुन्हा लावल्या. फायरवॉल बंद केला, चालू केला. काही नाही. स्विचवरचे सगळे दिवे मात्र एकदम, एका तालात, धडाधड लुकलुकत होते. म्हणजे डबा ठणठणीत, दोष कॉम्प्युटरात.

बाई म्हणाली, "दिवे स्वल्प जास्तच नाचतायत असं नाही वाटत तुला?"

मी म्हटलं, "काम चालू असलं की दिवे लुकलुकणारच."

ती "आयतु, आयतु", म्हणजे बरं बरं, म्हणून आपल्या जागेवर गेली. आपल्या पासवर्डने घोळ झाला हे कळलं असेल, म्हणून.

४ ऑक्टोबर, शनिवार

तात्पुरता उपाय मी काढला. प्रिंटरची जाड वायर सरळ माझ्या कॉम्प्युटरला लावली. ज्याला प्रिंट हवी त्याने पेन ड्राइव्हवर फाइल घेऊन माझ्याकडे यायचं.

खरं लिहू? दिवस वाईट गेला नाही. साहेब स्वतः येऊन माझ्या टेबलाशी उभे. रक्षिता दहादा "सर, प्लीज" म्हणाली. पण प्रिंट हातात पडली की प्रत्येकजण परत जाताना तिच्या टेबलाशी थांबतो. तिथे हसणं, खिदळणं, डब्यातली कोडबळी. माझ्याकडे काम, तिच्याकडे गप्पा. काय सांगते एवढं ते ऐकायला मी दोनदा पाणी प्यायला उठलो. रक्षिताच्या मांजरीबद्दल विचारत होती. आठ वर्षांत रक्षिताकडे मांजर आहे हे मला ठाऊक नव्हतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

प्रिंटरचं सॉफ्टवेअर प्रत्येक कॉम्प्युटरवरून काढून नव्याने टाकलं. सगळ्यांचे पत्ते पुन्हा तपासले. मिनिटभर सगळं चालत असल्यासारखं दाखवतं आणि हात लावला की नाही. साहेब केबिनच्या दारात येऊन म्हणाले, "काय रे विश्राम, हिनकलला पण असंच होणार काय?" मी पुन्हा पहिल्यापासून पत्ते तपासायला बसलो.

कृष्णवेणी म्हणाली, "मामा, एकेक वायर काढून बघूया का?"

मी म्हटलं, "ही काय दिवाळीची माळ आहे?"

रक्षिता फिसकन हसली. माझ्या बोलण्यावर हसली असं मी आधी समजलो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मी साहेबांबरोबर सरकारी कचेरीत गेलो होतो. परत आलो तर बाई स्विचपुढे मांडी घालून बसलेली. एक वायर काढायची, दिव्यांकडे बघायचं, परत लावायची. मग ती करडी वायर काढली आणि सगळे दिवे एकदम शांत झाले. नंतर एकेक, निवांत, लुकलुकायला लागले. तिने प्रिंटर पुन्हा आपल्या जागी जोडला आणि त्याने जो धडाका लावला! शुक्रवारपासून अडकलेले रक्षिताचे नकाशे एकामागोमाग बाहेर. तीच बैठकीची खोली, तेच स्वयंपाकघर, कागद संपेपर्यंत.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. रक्षिताने तिला मिठी मारली. मी कागद गोळा केले.

वायरीची दोन्ही टोकं बाई बराच वेळ हातात घेऊन बघत होती. एका टोकाला कुंकू लागलं होतं, ते तिने पदराने पुसलं आणि वायर गुंडाळून खणात टाकली. काय झालं होतं म्हणून साहेबांनी विचारलं तर म्हणते, "काही नाही मामा, सुम्ने एक वायर जास्तीची होती." सुम्ने म्हणजे उगीच. आपण काय केलं हे हिला कळलेलंसुद्धा नाही. नुसतं नशीब.

जेवण गेलं नाही. सिंधू म्हणाली, "चालू झालं ना? मग तोंड का असं?" तिला काय सांगणार.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल घरी मोबाइलवर सगळं वाचून काढलं आणि आज साहेबांना कागदावर चित्र काढून समजावलं. एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात घातली, तर आत आलेला निरोप बाहेर पडायच्या ऐवजी फिरून पुन्हा आत येतो, आणि असं फिरत राहून सगळी वाट अडवून बसतो. मग कुणाला कुणी दिसत नाही. साहेब खूश. "हे कोणी सांगितलं नाही रे मला," म्हणाले. वायर तिने काढली असेल, पण कारण मी शोधलं.

"पण असं लावलं कोणी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "साफसफाईला त्या कोपऱ्यात कोण होतं, ते मी कसं सांगू साहेब?" आणि तिच्या टेबलाकडे बघितलं. नाव घेतलं नाही. नुसतं बघितलं.

पूजेच्या दिवशी मीही एक टोक बसवलं होतं खरं. पण ते निळ्या वायरीचं होतं. बहुतेक निळंच.

साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "कृष्णवेणी, तू लावलीस काय ग?"

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता, मनात कसलातरी हिशोब चालल्यासारखी. मग म्हणाली, "असेल मामा. माझंच असेल."

कबूल! मी आज बसमध्ये उभ्याने आलो तरी पाय दुखले नाहीत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हिनकल माझं!

साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "तिथे एकट्याने सांभाळायचं. चूक कुठे झाली ते शोधणारा माणूस पाहिजे. विश्राम जाईल." पाटीवर नाव, पाडव्याला उद्घाटन. सिंधूने शिरा केला. कराडला फोन लावला, भाऊ म्हणाला, "प्रमुख? अरे वा!" हे ऐकायला किती वर्षं थांबलो होतो.

एकच गोष्ट खुपते. कृष्णवेणी माझ्याइतकीच खूश दिसत होती. उद्या चिरोटी करून आणते म्हणाली. हरलेल्या माणसाने थोडं तरी वाईट वाटून घ्यावं. मला नाही मिळालं असतं तर मी आठवडाभर कुणाशी बोललो नसतो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज हिनकलच्या ऑफिसात वायरी ओढायला साहेबांनी तिला माझ्याबरोबर पाठवलं. रिकामी खोली, रंगाचा वास, दोन टेबलं. काम अर्धं झाल्यावर ती स्टुलावर बसली आणि सहज, भाजी काय केली विचारावं तशी म्हणाली, "विश्राम, पूजेच्या दिवशी ती वायर तूच लावलास की रे."

मी म्हटलं, ती निळी होती.

"करडीच होती. मी मागेच उभी होते. तुझ्या बोटाचं कुंकू लागलं होतं त्याला."

मी हातातली वायर खाली ठेवली. विचारलं, "मग साहेबांना सांगितलं का नाहीत?"

"काय म्हणून सांगू? मला हिनकल बेडाच होतं. नकोच होतं." मग तिने सगळं सांगितलं. नवरात्रातच साहेबांनी तिला बोलावून सांगितलं होतं, हिनकल तुला देतो. तिला. आधी. "मामांना नाही म्हणायची रीत नाही आमच्या घरात. अत्तेचं, सासूचं, कारण सांगितलं असतं तर मामा म्हणाले असते, अंबाबाईंना आमच्या घरी आणून ठेव. अत्ते माझ्या हाताशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातचं गिळत नाही रे. दुपारी हिनकलहून मी कशी पोचणार? काय करू, काय करू म्हणून डोकं फिरलं होतं. आणि तू मामांसमोर माझ्याकडे बघितलास. अय्यो, देवानेच पाठवलं म्हटलं."

आणि हसली. माझ्याबरोबर हसल्यासारखी.

म्हणजे मी जिंकलो नाही. तिने टाकलेलं मी उचललं. मी जिला खाली ओढत होतो तिला खालीच यायचं होतं. सिंधूला, भावाला, सगळ्या गल्लीला सांगून बसलो, आणि साहेबांच्या मनात पहिलं नाव तिचं होतं.

मी म्हटलं, "मी साहेबांना खरं सांगतो." रागात म्हटलं, चांगुलपणात नाही.

ती एकदम उभी राहिली. "नको रे. तू खरं सांगितलास तर मामा मलाच इथे पाठवतील." पहिल्यांदाच तिच्या तोंडावर भीती बघितली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी बसमध्ये एक विचार आला आणि नजरबाद येईपर्यंत मी तो चघळत होतो. साहेबांना जाऊन सांगायचं, वायर मी लावली होती, हिनकल मला नको. खरं बोलणारा म्हणून माझी छाती वर, आणि बाईची रवानगी हिनकलला. मग बघू दुपारी कशी हसते. फार गोड वाटत होता हा विचार. तो इथे लिहायला लाज वाटते, पण वाटत होता.

साहेबांच्या केबिनमध्ये गेलोसुद्धा. ते फोनवर होते, मी उभा राहिलो. काचेतून ती दिसत होती. जेवायची वेळ झाली होती. चप्पल पायात अर्धी अडकवून, पर्स शोधत, धांदलीत बाहेर पडत होती. दारात थांबून तिने वळून केबिनकडे बघितलं. मी आत उभा आहे हे तिला दिसलं. तशीच थांबून राहिली. अंबाबाई घरी वाट बघत असेल, तरी ही हलेना.

"काय रे विश्राम?" साहेबांनी फोन ठेवून विचारलं.

मी म्हटलं, "पाटीवर नाव कन्नडात लिहायचं की मराठीतही?"

"कन्नडात, नि खाली इंग्रजीत. हे विचारायला आलास?"

"हो," म्हटलं आणि बाहेर आलो. ती तोवर गेली होती.

मला पाडव्यापासून बसचे धक्के नकोत, म्हणून गप्प बसलो. दुसरं काही नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. हिनकलचं ऑफिस सुरू झालं. पाटी लागली, सिंधूने दारात रांगोळी काढली, पाटीचा फोटो कराडला गेला. पहिला नकाशा मी प्रिंटरवर काढला, पहिल्याच फटक्यात आला.

मग साहेब बोलायला उभे राहिले. पाहुण्यांना माझी ओळख करून दिली आणि वायरीची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. "आमच्या कृष्णवेणीने पूजेच्या नादात एकाच वायरीची दोन टोकं एकाच डब्यात खुपसली! शाळेत कॉम्प्युटर शिकवायची ती! आणि हा विश्राम, तीन रात्री झोपला नाही, पण शोधून काढलं." मी तिन्ही रात्री झोपलो होतो. सगळे पोट धरून हसले. कुणीतरी तिच्या पाठीत धपका मारून म्हणालं, "काय ग अक्का, असं करतेस?"

माझं तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होते, मी लावली, मी. समोर ती उभी होती. तिने मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. खोटं हसू नव्हतं ते. मला खोटं हसू ओळखता येतं, मी रोज हसतो.

मी तोंड मिटलं. टाळ्या झाल्या, माझ्यासाठी.

पानं मांडायच्या आतच ती रिक्षा बघायला निघाली. साहेब म्हणाले, "जेवून जा की." ती म्हणाली, "अत्ते थांबलीय मामा," आणि गेली. सिंधू दारात उभी राहून म्हणाली, "स्वतःच्या चेष्टेवर इतकं हसणारी बाई मी बघितली नाही."

बाहेर माझ्या नावाची पाटी होती, आत सगळे माझं कौतुक करत होते, आणि रिक्षात बसून घरी निघालेल्या त्या बाईकडे मी बघत होतो. मला आयुष्यात कुणाचा एवढा हेवा वाटलेला नाही.